एका सामुद्रधुनीची दोन तीरे : जिब्राल्टर आणि सेउता

भूमध्य समुद्राचा नकाशा भिंतीवर टांगला म्हणजे वर्गातील मुलांची दृष्टी प्रथम इटलीच्या बुटाकडे जाते, नंतर नाईल नदीच्या मुखाकडे वळते, आणि सर्वांत शेवटी पश्चिमेकडील त्या चिंचोळ्या फटीकडे पोहोचते, जेथे युरोप व आफ्रिका ही दोन खंडे एकमेकांस जणू स्पर्श करू पाहतात. यंदा इयत्ता नववीच्या वर्गात आम्ही ही फट दाखवून तिच्या उत्तर काठचे जिब्राल्टर व दक्षिण काठचे सेउता अशी दोन ठिकाणे छडीच्या टोकाने दाखविली. एक ठिकाण फार संपन्न आहे आणि दुसऱ्या ठिकाणी बेकारी फार आहे, असे सहज बोलण्याच्या ओघात सांगितले. त्याबरोबर मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, दोन्ही गावे एकाच दारात बसली आहेत, मग एकाला मिळाले आणि दुसऱ्याला का मिळाले नाही? त्या दुसऱ्या गावचे लोक आळशी आहेत काय?"

तास संपल्याची घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. परंतु प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही. कारण हा प्रश्न केवळ दोन गावांविषयीचा नाही. गरीब मनुष्य दिसला, की तो आळशी असला पाहिजे असे अनुमान काढण्याची सवय आपणां सर्वांच्याच अंगी आहे, आणि शाळेच्या बाकावर ती मोडली नाही तर पुढे ती मोडणे कठीण जाते. म्हणून त्या विद्यार्थ्यास द्यावयाचे उत्तर येथे सविस्तर लिहीत आहो. पालकांनीही ते वाचावे अशी आमची इच्छा आहे.

प्रथम त्या दाराची ओळख करून घेऊ. जिब्राल्टरची सामुद्रधुनी तिच्या अत्यंत अरुंद भागी सुमारे 14 किलोमीटर रुंद आहे. भूमध्य समुद्रात नद्या व पाऊस यांच्या द्वारे जितके पाणी येते, त्याहून अधिक पाणी उन्हाने वाफ होऊन निघून जाते. ही तूट अटलांटिक महासागर या फटीतून भरून काढतो. वरच्या थरातून महासागराचे पाणी आत येते, आणि खोलवरून भूमध्य समुद्राचे अधिक खारट व जड पाणी बाहेर जाते. जसे पाण्याचे, तसेच जहाजांचे. लहानमोठी मिळून वर्षाकाठी सुमारे एक लाख जहाजे या वाटेने ये-जा करतात. 1869 साली सुएझचा कालवा उघडल्यापासून तर मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या आगबोटींचा हाच मार्ग झाला. एडन, पोर्ट सैद, माल्टा व जिब्राल्टर ही नावे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील प्रवाशांस पाठ असत.

प्राचीन ग्रीक लोक या दाराच्या दोन बाजूंच्या डोंगरांस हर्क्युलीसचे स्तंभ म्हणत. उत्तरेचा स्तंभ म्हणजे जिब्राल्टरचा खडक. दक्षिणेचा स्तंभ कोणता याविषयी मतभेद आहेत, तथापि सेउता येथील आचो नामक टेकडीस तो मान पुष्कळांनी दिलेला आहे. आकाश निरभ्र असले म्हणजे एका तीरावरून दुसरे तीर नुसत्या डोळ्यांनी दिसते.

जिब्राल्टर म्हणजे स्पेनच्या दक्षिण टोकास लागून समुद्रात शिरलेला चुनखडीचा एक प्रचंड कडा. त्याची उंची 426 मीटर आहे. एकंदर प्रदेश सात चौरस किलोमीटरांहूनही कमी, आणि त्यात सुमारे 34 हजार लोक राहतात. येथे नदी नाही, शेत नाही, खाण नाही. पूर्वी पिण्याचे पाणीसुद्धा नव्हते. खडकाच्या पूर्व उतारावर पत्रे अंथरून त्यांवर पडणारे पावसाचे पाणी पन्हळींनी खडकाच्या पोटातील टाक्यांत साठवीत असत. आज समुद्राचे पाणी गोडे करून ती गरज भागविली जाते. सपाट जागेची एवढी टंचाई, की विमानतळाची धावपट्टी गावात शिरण्याच्या मुख्य रस्त्यालाच आडवी छेदून जाई, आणि विमान आले म्हणजे आपल्याकडे रेल्वेचे फाटक लावतात तसे फाटक लावून गाड्या थांबवीत. 2023 साली धावपट्टीखालून बोगदा झाला, तेव्हा वाहनांची ही अडचण दूर झाली.

इ. स. 711 मध्ये तारिक बिन झियाद हा सेनापती आफ्रिकेतून येथे उतरला. त्याच्या नावावरून या खडकास जबल तारिक, म्हणजे तारिकचा डोंगर, असे नाव पडले व त्याचेच पुढे जिब्राल्टर झाले. स्पेनच्या गादीविषयीच्या युद्धात 1704 साली इंग्रज व डच आरमाराने तो जिंकला, आणि 1713 च्या उट्रेख्टच्या तहाने स्पेनने तो इंग्लंडच्या राजसत्तेस दिला. पुढे 1779 पासून 1783 पर्यंत स्पेन व फ्रान्स यांनी त्यास वेढा दिला, परंतु खडक हाती लागला नाही. त्या वेढ्यात खडकाच्या पोटात भुयारे खणण्यास आरंभ झाला व दुसऱ्या महायुद्धात ती इतकी वाढली, की आज त्यांची लांबी जमिनीवरच्या रस्त्यांहूनही अधिक भरते.

आता दक्षिण तीराकडे वळू. सेउता हे मोरोक्कोच्या उत्तर किनाऱ्यावरील स्पेनचे शहर होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेअठरा चौरस किलोमीटर, म्हणजे जिब्राल्टरच्या अडीचपटीहून अधिक, आणि लोकसंख्या सुमारे 83 हजार. त्यांतील निम्म्याच्या आसपास लोक मुसलमान आहेत, बाकीचे बहुतेक ख्रिस्ती. यहुदी आणि हिंदू यांचेही लहान समाज तेथे पिढ्यान्पिढ्या नांदत आहेत.

सेउताच्या इतिहासाशी आपल्या कोकणाचा संबंध आहे हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. 1415 साली पोर्तुगालचा राजा पहिला जॉन याने हे शहर जिंकले. त्या मोहिमेत त्याचा पुत्र हेन्री होता, जो पुढे नाविक हेन्री म्हणून प्रसिद्धीस आला. पोर्तुगीजांच्या समुद्रापलीकडील राज्यविस्ताराचा आरंभ येथूनच धरतात. ज्या ओघात सेउता गेले, त्याच ओघात पुढे 1510 साली गोवे व 1534 साली वसई ही ठिकाणे पोर्तुगीजांच्या हाती आली. आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. 1661 च्या विवाहकराराने पोर्तुगालने आपल्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजास दोन ठिकाणे आंदण दिली. त्यांतले एक म्हणजे आपली मुंबई, आणि दुसरे म्हणजे सेउताच्या पश्चिमेचे टँजियर. टँजियर इंग्रजांनी 1684 साली सोडून दिले, मुंबई मात्र ठेवली. सेउता या देण्याघेण्यात नव्हते, कारण 1640 साली पोर्तुगाल स्पेनपासून वेगळे झाले तेव्हा ते स्पेनच्याच बाजूस राहिले, आणि 1668 च्या तहाने पोर्तुगालने त्यावरील हक्क सोडला. तरीही त्या शहराच्या निशाणावर पोर्तुगालचे राजचिन्ह आजही आहे.

येथे राजकारणातील एक चमत्कार ध्यानात घ्यावा. स्पेन म्हणते, जिब्राल्टर आमच्या भूमीस लागून आहे, ते आम्हांस परत द्या. मोरोक्को म्हणतो, सेउता आमच्या भूमीस लागून आहे, ते आम्हांस परत द्या. स्पेनचे म्हणणे असे, की सेउता मोरोक्कोचे आजचे राज्य अस्तित्वात येण्यापूर्वीपासून स्पेनचे आहे, सबब दोन्ही गोष्टी सारख्या नव्हेत. जिब्राल्टरच्या रहिवाशांनी तर 1967 साली 44 विरुद्ध 12,138 अशा मतांनी ब्रिटिश सत्तेखाली राहणे पसंत केले, आणि 2002 साली स्पेनशी वाटून घेण्याच्या सत्तेस शंभरांतील जवळजवळ नव्याण्णव मतदारांनी नकार दिला. या वादाचा निवाडा करणे हे आमचे काम नाही. मात्र दोन्ही गावांच्या वेशीवर कुंपण उभे राहिले, आणि त्या कुंपणाचा गावाच्या पोटापाण्याशी फार निकट संबंध आहे, हे पुढे दिसेल.

शंभर वर्षांपूर्वी एखादा प्रवासी ही दोन्ही ठिकाणे पाहावयास गेला असता तर त्यास दोहोंत फारसे अंतर दिसले नसते. दोन्ही लष्करी ठाणी होती. जिब्राल्टरात इंग्रजी आरमाराची गोदी होती, आणि गोदीच्या व पलटणींच्या खर्चावर गावचे दुकानदार, शिंपी, खानावळवाले जगत. सेउतात स्पेनची शिबंदी होती, दीर्घकाळपर्यंत बंदिशाळा होती, मासेमारी होती, आणि 1863 सालापासून ते बिनजकातीचे बंदर ठरले होते. सरकारचा पगार हाच दोन्ही गावांचा मुख्य आधार होता. मग दोहोंच्या वाटा भिन्न कशा झाल्या?

जिब्राल्टरची परीक्षा प्रथम झाली. 1969 साली स्पेनचे हुकूमशहा फ्रँको यांनी सरहद्दीचे फाटक बंद केले. रोज सकाळी फाटकातून येणारे हजारो स्पॅनिश कामकरी एका दिवसात येईनासे झाले. फाटकाच्या अलीकडे बहीण व पलीकडे भाऊ अशी कित्येक घरे दुभंगली. टेलिफोनही तुटला. तेव्हा नवीन जन्मलेले मूल कुंपणापाशी आणून पलीकडच्या आजीस दुरून दाखवावे, आणि वाऱ्याची दिशा पाहून मोठ्याने ओरडून खुशाली कळवावी, असे दिवस आले. पायी जाणाऱ्यांकरिता फाटक 1982 च्या डिसेंबरात उघडले व पूर्णपणे 1985 च्या फेब्रुवारीत. या तेरा वर्षांत गावाने मोरोक्कोहून कामकरी आणून कसाबसा निभाव लावला.

फाटक उघडण्याच्या सुमारासच दुसरा आघात झाला. आरमाराची गोदी 1984 साली बंद होऊन खाजगी जहाजदुरुस्तीकडे गेली. त्या काळी गावच्या उत्पन्नाचा अर्ध्याहून अधिक भाग लष्करी खर्चातून येत असे. म्हणजे घरातील मिळवता पुरुष एकाएकी काम सोडून बसावा, तशी गावाची दशा झाली.

परंतु जिब्राल्टरच्या हाती एक साधन होते, ते म्हणजे आपले कायदे आपण करण्याचा अधिकार. परराष्ट्रव्यवहार व संरक्षण ब्रिटनकडे असले तरी कर किती घ्यावा व कोणत्या धंद्यास परवाना द्यावा हे तेथील प्रतिनिधिगृह ठरविते. इंग्रजी कायदा, इंग्रजी भाषा व विलायती पौंडाच्या बरोबरीचे नाणे यांमुळे लंडनच्या पेढ्यांस तेथे परके वाटत नसे. या बळावर गावाने कर हलके ठेवून बँका, विमा कंपन्या व दूरदूरच्या व्यापारी मंडळ्यांस बोलाविले. पुढे दूरध्वनी व इंटरनेट यांवरून पैजा घेणाऱ्या मोठ्या कंपन्या आल्या. ये-जा करणारी जहाजे तेथे इंधन भरू लागली. विक्रीकर नसल्याने स्वस्त मालाच्या खरेदीस, आणि खडकावरील शेपूट नसलेली माकडे पाहण्यास प्रवाशांची रीघ लागली. लष्कराचा वाटा घटत घटत दहांतील एका भागाहूनही कमी झाला, आणि बेकारी जवळजवळ नाहीशी झाली.

येथवर वाचून कोणी म्हणेल, जिब्राल्टरकरांनी कष्ट केले व फळ मिळविले, यात आश्चर्य ते काय? कष्ट त्यांनी केले, हे आम्हांस मान्य आहे. पण हिशेबाच्या वहीत आणखी एक ओळ आहे, ती पुसून चालणार नाही. जिब्राल्टरातील नोकऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या नोकऱ्या फाटकापलीकडे राहणारे लोक करतात. सुमारे 15 हजार माणसे रोज सकाळी येतात व संध्याकाळी परत जातात. त्यांतील पुष्कळ ला लिनेआ या लगतच्या स्पॅनिश गावची आहेत, जेथे बेकारी मोठी आहे. खडकाच्या संपत्तीचे आकडे त्याच्या 34 हजार रहिवाशांत वाटून दरमाणशी उत्पन्न काढले म्हणजे ते सेउताच्या तिपटीहून अधिक येते. परंतु ते उत्पन्न निर्माण करणाऱ्या हातांपैकी पुष्कळ हात रात्री दुसऱ्या देशात निजावयास जातात. 1969 साली जे फाटक बंद होते, ते आज उघडे आहे, म्हणूनच हे भाग्य आहे.

सेउताची कहाणी याच्या उलट दिशेने गेली. तेही बिनजकातीचे बंदर. स्पेनने परदेशी मालावर भारी जकात बसविली होती त्या काळी समुद्रापलीकडून स्पॅनिश गिऱ्हाइके आगबोटीने येत आणि घड्याळे, रेडिओ, कापड, कॅमेरे स्वस्तात विकत घेऊन जात. बाजार गजबजलेला असे. या बाजारात हिंदी व्यापाऱ्यांचा मोठा भाग होता. सिंध हैदराबादचे हे व्यापारी, म्हणजे सिंध मुंबई इलाख्यात मोडत असतानाचे आपले इलाखेवाले, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुएझच्या वाटेने पश्चिमेस गेले आणि जिब्राल्टर व सेउता या दोन्ही ठिकाणी दुकाने थाटून बसले. आज दोन्ही गावांत त्यांची देवालये आहेत, आणि दिवाळीचे दिवे सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवर लागतात. एकाच मुलखाचे, एकाच पेशाचे लोक दोन्हीकडे आहेत, तेव्हा उद्योगशीलतेत उत्तर तीर सरस व दक्षिण तीर कमी असे म्हणण्यास जागा कोठे उरली?

1986 साली स्पेन युरोपीय समूहात सामील झाले. स्पेनच्या बाजारात परदेशी माल सहज मिळू लागला. जी वस्तू आपल्या गावी त्याच किमतीस मिळते, तिच्याकरिता समुद्र कोण ओलांडील? सेउताचा जुना धंदा अशा रीतीने कोणाच्याही दोषावाचून बसला. शहरास कर कमी करण्याचा अधिकार जिब्राल्टरइतका मोकळा नाही. ते स्पेनच्या राज्याचा एक भाग आहे व मोठे निर्णय माद्रिदला होतात. मग व्यापाऱ्यांनी मोरोक्कोकडे तोंड वळविले. परंतु मोरोक्को सेउतास स्पेनचे गाव मानीत नसल्याने तेथे रीतसर जकातनाकाच नव्हता. मालगाड्यांना वाट नाही. एक पळवाट मात्र होती. मनुष्य स्वतःच्या अंगावर वाहून नेईल तेवढ्या सामानास जकात पडत नसे.

या पळवाटेवर एक विलक्षण व्यापार उभा राहिला. जवळच्या मोरोक्कन गावांतील गरीब स्त्रिया, त्यांत विधवा व वृद्धाही पुष्कळ, पहाटे ताराखालच्या नाक्यावर रांगेत उभ्या राहत. जुनी वस्त्रे, कांबळी, टायर, साबण यांचे गठ्ठे पाठीस दोरीने बांधून त्या चिंचोळ्या मार्गाने पलीकडे नेत. गठ्ठे पन्नास किलोंहून जड असत. कमरेत वाकून चालणाऱ्या त्या बाईचे तोंड दिसत नसे, गठ्ठाच चालतो आहे असे वाटे. मजुरी थोडी, धक्काबुक्की नित्याची, आणि चेंगराचेंगरीत कित्येक जणींचे प्राणही गेले. 2019 च्या अखेरीस मोरोक्कोने हा व्यापार बंद केला. अमानुष प्रकार बंद झाला हे चांगलेच, परंतु त्या बायांच्या चुलीचे काय, हा प्रश्न पुढे आला. पाठोपाठ 2020 च्या मार्चात महामारीमुळे सरहद्दच बंद झाली, ती 2022 च्या मे महिन्यापर्यंत उघडली नाही.

आता सेउता कशावर जगते? मुख्यतः सरकारी पगारावर. शिपाई, पोलीस, शिक्षक, कारकून यांचे पगार व माद्रिदहून येणारे साह्य हाच मोठा आधार आहे. बेकारीच्या बाबतीत ते स्पेनमधील अत्यंत पीडित ठिकाणांपैकी एक असून कित्येक वर्षे काम करू इच्छिणाऱ्या चारांत एक मनुष्य तेथे रिकामा राहिला आहे. ध्यानात ठेवा, काम करू न इच्छिणाऱ्यांची बेकारांत गणनाच होत नाही.

तर मग बंदराचे काय? जागा तर मोक्याची आहे. येथे भूगोलाचा एक महत्त्वाचा नियम शिकावयास मिळतो. जहाज दारावरून गेले एवढ्याने दारवानास काही मिळत नाही. जहाजाने थांबावे, माल उतरवावा व तो पुढे देशात जावा, तेव्हा बंदर वाढते. त्याकरिता खोल पाणी, विस्तीर्ण धक्के व पाठीमागे मोकळा मुलूख पाहिजे. सेउताच्या पाठीमागे कुंपण आहे. मोरोक्कोने त्याच किनाऱ्यावर, सेउता व टँजियर यांच्या दरम्यान, टँजर मेड नावाचे नवे बंदर बांधून 2007 साली सुरू केले. त्याच्या मागे लोहमार्ग, हमरस्ते व कारखाने आहेत. 2024 साली त्या बंदरातून वीस फुटी मापाच्या एक कोटीहून अधिक पेट्या हाताळल्या गेल्या. समोरच्या तीरावर आल्हेसिरास हे स्पेनचे मोठे बंदर आहेच. समुद्र तोच, वारा तोच. परंतु जहाजे वळली ती जेथून वाट पुढे जाते तेथे.

सेउताच्या कुंपणाविषयी आणखी दोन शब्द लिहिणे भाग आहे. ते सुमारे आठ किलोमीटर लांब असून 1990 नंतरच्या दशकात उभारलेले व पुढे उंचावलेले आहे. एका बाजूस युरोप, दुसऱ्या बाजूस आफ्रिका. 2014 च्या 6 फेब्रुवारीस ताराखालच्या समुद्रातून पोहून पलीकडे जाऊ पाहणाऱ्या तरुणांपैकी निदान चौदा जण बुडून मेले. 2021 च्या मे महिन्यात, दोन सरकारांत बेबनाव झाला असता मोरोक्कोच्या बाजूचा पहारा ढिला पडला आणि दोन दिवसांत सुमारे 8 हजार लोक शहरात शिरले. त्यांत शेकडो अल्पवयीन मुले होती, काही तर आमच्या शाळेतील पाचवी-सहावीच्या मुलांएवढी. राजकारणाच्या पटावर ती मुले प्यादी झाली, हे आम्हांस विसरवत नाही.

एवढ्यावरून जिब्राल्टर हा आदर्श व सेउता ही फजिती, असा निकाल कोणी देऊ नये. जिब्राल्टरच्या संपत्तीकडेही डोळे उघडून पाहिले पाहिजे. तिचा एक मोठा खांब पैजांचा, म्हणजे जुगाराचा, आहे. तेथील कंपन्या कायद्याने चालतात व कर भरतात, हे खरे. परंतु जो पैसा खडकावर जमतो, तो दूर देशीच्या घरांतून येतो, आणि त्यांत ज्यांना हरणे परवडत नाही अशांची घरे नसतील असे कोण म्हणेल? शिवाय हा खांब दुसऱ्याच्या जमिनीत रोवलेला आहे. 2014 साली ब्रिटनने पैज घेणारी कंपनी कोठेही असो, पैज लावणारा ब्रिटनमध्ये असल्यास कर तेथेच द्यावा, असा कायदा केला, तेव्हा खडकावर चिंता पसरली. हलक्या कराने आलेला धंदा त्याहून हलक्या कराच्या ठिकाणी जाऊही शकतो.

आणि फाटकाची भीती तर कधीच गेली नाही. 2016 साली ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा की नाही याविषयी मते घेतली, तेव्हा जिब्राल्टरच्या शंभरांतील शहाण्णव मतदारांनी संघातच राहावे असे मत दिले. संपन्नतेचे मूळ कशात आहे हे त्या लोकांस पुस्तक न वाचता कळले होते. मूठभर मते मोठ्या राष्ट्राच्या मतांपुढे टिकली नाहीत व ब्रिटन बाहेर पडले. पुढे दीर्घ वाटाघाटी होऊन 2025 च्या 11 जूनला ब्रिटन, स्पेन व युरोपीय संघ यांनी एक राजकीय समझोता जाहीर केला. जमिनीवरील सरहद्दीवरची तपासणी व कुंपण काढून टाकावे, हा त्याचा उद्देश होय. तीनशे वर्षांच्या वादात सार्वभौमत्वाचा प्रश्न बाजूस ठेवून आधी शेजाऱ्यांच्या ये-जा करण्याचा विचार झाला, ही गोष्ट आम्हांस आशादायक वाटते.

आता मागच्या बाकावरील त्या विद्यार्थ्यास उत्तर देऊ. बाळ, तुझा प्रश्न चांगला होता. त्यात तू स्वतःच घातलेले उत्तर मात्र बरोबर नव्हते. मोक्याची जागा ही नुसती पेरणीची जमीन आहे. पीक येण्यास आणखी तीन गोष्टी लागतात. पहिली, आपल्या परिस्थितीस अनुरूप असे कायदे करण्याची सत्ता. ती उत्तर तीरास मिळाली, दक्षिण तीरास थोडकी मिळाली. दुसरी, पाठीमागचा मुलूख व त्याच्याकडे जाणारे उघडे दार. जिब्राल्टरचे दार तेरा वर्षे बंद होते तेव्हा तेही कुंथतच होते, हे विसरू नको. तिसरी, जुना आधार तुटला असता नवा शोधण्याची हिंमत. ही हिंमत दोन्ही तीरांनी दाखविली. जिब्राल्टरकरांनी गोदी गेल्यावर पेढ्या उघडल्या, सेउताकरांनी घड्याळांचा बाजार बसल्यावर दुसरी गिऱ्हाइके शोधली. एकाच्या हिंमतीस वाट मिळाली, दुसऱ्याच्या हिंमतीपुढे कुंपण आले.

आळसाविषयी म्हणशील तर, पहाटेच्या काळोखात पाठीवर पन्नास किलोंचा गठ्ठा घेऊन रांगेत उभी राहणारी ती म्हातारी या सगळ्या कहाणीतील सर्वांत कष्टाळू व्यक्ती होती, आणि सर्वांत गरीबही तीच होती. या एका गोष्टीवर तू विचार केलास, तर भूगोलाच्या परीक्षेत मिळणाऱ्या गुणांहून मोठी वस्तू तुझ्या हाती लागेल.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे, की आपल्या मुलाची शेजारच्या मुलाशी तुलना करताना या दोन गावांची आठवण ठेवावी. एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांची जागा सारखी दिसते. परंतु एकाच्या मागे उघडे दार असते, घरी दिवा असतो, विचारावयास माणूस असते, आणि दुसऱ्याच्या मागे कुंपण असते, ते आपणांस दिसत नाही. ते कुंपण कोठे आहे हे शोधणे व त्यात एखादे फाटक पाडता येते का हे पाहणे, हे शिक्षकाचे, पालकाचे व शेजाऱ्याचेही काम आहे. माझा शेजारी कोण, असा प्रश्न एका शास्त्र्याने प्रभूस विचारला होता. त्याचे उत्तर म्हणून प्रभूने जी गोष्ट सांगितली, ती आपल्या शाळेतील प्रत्येक मुलास, मग ते कोणत्याही धर्माचे असो, ठाऊक आहे. सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवर आज तोच प्रश्न उभा आहे. आणि आमच्या वर्गातही.